मैफलीची साक्ष

रसिक माणसाच्या सुखांमध्ये एक सुख असे आहे की, मूळ वस्तू नाहीशी झाल्यावरच त्याचा उपभोग सुरू होतो. मैफल संपते, तंबोरे गवसणीत जातात, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या आठवणींची मैफल भरू लागते. चार रसिक एकत्र जमले, चहाचे पेले पुढे आले, की "त्या रात्री तुम्ही होता काय?" असा प्रश्न कोणीतरी करावयाचाच. जो होता तो सांगू लागतो. जो नव्हता तो मुकाट्याने ऐकतो, आणि आपण उशिरा जन्मास आलो याबद्दल मनातल्या मनात हळहळतो. हा प्रकार इतका सार्वत्रिक व इतका निरुपद्रवी आहे की, त्यात नीतीचा काही प्रश्न असेल अशी शंकादेखील कोणास येत नाही. आम्हांसही ती आली नव्हती. परंतु गेल्या वर्षी निजामपुऱ्यात घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने आम्हांस विचारात पाडले. तो प्रसंग आणि त्यावरून सुचलेला विचार वाचकांपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निजामपुरा हा भिवंडीचा जुना भाग; शहराच्या महानगरपालिकेच्या नावातदेखील भिवंडीच्या जोडीने निजामपूर हे नाव येते. भिवंडी म्हटले की परगावच्या लोकांस यंत्रमाग आठवतात, आणि ते यथार्थच आहे. येथील गल्ल्यांतून रात्रंदिवस चालणारा मागांचा खडखडाट रहिवाशांच्या इतका अंगवळणी पडलेला आहे की, तो थांबला म्हणजेच त्यांची झोप मोडावी. अशा गावात गाण्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु विणकरांच्या घरांतून कव्वालीचे वेड आणि मराठी घरांतून भजनाचे व नाट्यपदांचे वेड, ही दोन्ही येथे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. आमचे एक वडीलधारे स्नेही येथे राहतात. आयुष्यभर शाळेत शिकविल्यामुळे सारा मोहल्ला त्यांस 'मास्तर' म्हणूनच ओळखतो. त्यांचे वय आज ऐंशीच्या घरात आहे. दर शनिवारी सायंकाळी त्यांच्या ओसरीवर पाचसात मंडळी जमतात, आणि गाण्याच्या गोष्टी निघतात.

या गोष्टींना संगीताच्या प्रकाराचे बंधन नाही, हे आम्ही तेथेच शिकलो. एकदा आमचा भाचा आमच्यासमवेत आला होता. पाश्चात्य 'रॉक' संगीताचा, त्यातही एकेक कल्पना घेऊन सबंध ध्वनिमुद्रिकाभर तिचा विस्तार करणाऱ्या पंथाचा, तो चाहता. फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर रॉजर वॉटर्स यांचा कार्यक्रम झाला, त्यास तो गेला होता. हे गृहस्थ १९८५ मध्येच 'पिंक फ्लॉइड' या विख्यात वाद्यवृंदातून बाहेर पडलेले. तथापि त्या वृंदाची १९७३ सालची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही सबंध ध्वनिमुद्रिका त्यांनी त्या दौऱ्यात ओळीने सादर केली. भाचा सांगू लागला तेव्हा मास्तर डोळे मिटून ऐकत होते. गाण्यांविषयी तो फारसे बोललाच नाही. मैदानावर धूळ किती होती, उधार घेतलेल्या पैशांचे तिकीट कसे काढले, शेजारी उभा असलेला अनोळखी मनुष्य कसा रडत होता, हेच तो सांगत राहिला. त्याचे संपल्यावर मास्तर म्हणाले, "तुझे संगीत मला कळत नाही, बाळ, पण तुझी मैफल मला कळली." कोणत्याही संगीताचे दोन रसिक एकमेकांस ओळखतात ते असे. ऐकलेल्या स्वरांहून ऐकण्याची रात्रच त्यांच्या मनात अधिक मुरलेली असते.

आता मास्तरांची स्वतःची मैफल. ती आम्ही त्यांच्या तोंडून निदान पंधरा वेळा ऐकली असेल. १९६९ सालचा हिवाळा. निजामपुऱ्यातील एका वाड्याच्या चौकात एका नामवंत गवयाचे गाणे ठरले. मास्तर तेव्हा नुकते नोकरीस लागलेले, सतरंज्या अंथरण्यापासून पाहुण्यांना पानसुपारी देण्यापर्यंत सर्व कामांत पुढे. चौकात मराठी मंडळी होती तशीच शेजारची मुसलमान मंडळीही होती. कोण कोणाच्या मांडीस मांडी लावून बसला आहे याची कोणास शुद्ध नव्हती. गाणे रात्रभर चालले. अखेर पहाटेच्या अंधारात बुवांनी ललत आरंभिला. पंचमाला वगळून दोन्ही मध्यमांवर हिंदकळणारा तो राग, आणि हवेत गारठा. बुवा तार षड्जावर पोहोचले, तोच जवळच्या मशिदीतून पहाटेची अजान उठली, आणि तिचा पहिला स्वर बुवांच्या षड्जाशी अचूक मिळाला. बुवा थांबले. तंबोरे तेवढे चालू राहिले. अजान संपेपर्यंत चौकात कोणी हललेदेखील नाही. मग बुवांनी हात जोडले, आणि त्याच षड्जावरून पुढे गावयास आरंभ केला.

ही गोष्ट ऐकून ज्याचे मन हलणार नाही असा श्रोता विरळा. परंतु मास्तरांस तिची किंमत केवळ तिच्या सौंदर्यामुळे नव्हती. त्या हिवाळ्यानंतर थोड्याच महिन्यांनी, मे १९७० मध्ये, भिवंडीत भीषण दंगल झाली. तिची चौकशी करण्यास न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. पुढे १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तोच वणवा पेटला. पहिल्या दंगलीनंतर मास्तरांचे कुटुंब काही महिने ठाण्यास नातेवाइकांकडे जाऊन राहिले, आणि पुष्कळांनी समजाविले तरी पुन्हा निजामपुऱ्यातच परतले. "येथे ही माणसे कधी एकत्र नांदलीच नाहीत," असे कोणी त्यांच्यापुढे म्हणाले, की मास्तर शांतपणे ती रात्र सांगत. ती रात्र हा त्यांचा पुरावा होता. आपण येथे का राहिलो, या प्रश्नास त्यांच्यापाशी जे उत्तर होते, ते हेच.

गेल्या वर्षी त्या वाड्याच्या मालकांच्या नातवास माळ्यावर एका पेटीत फितींची दोन स्पुले सापडली. वरच्या कागदावर गवयाचे नाव, वर्ष आणि 'चौक' एवढा शब्द. घरात त्या काळी एक टेपरेकॉर्डर होता, तो त्या रात्री व्यासपीठाशेजारी ठेवलेला होता असे निघाले. नातवाने मुंबईहून त्या फितींचे संगणकावर घेण्याजोगे रूपांतर करून आणिले, आणि मास्तरांस अचानक ऐकवून आनंद द्यावा या हेतूने आधी आम्हांस ऐकण्यास दिले. सुमारे चार तासांचे ते ध्वनिमुद्रण आम्ही एका बैठकीत ऐकले. यमन होता, मालकंस होता, दोन नाट्यपदे होती, आणि शेवटी भैरवी होती. भैरवीनंतर यजमानांचे आभाराचे भाषण होते, आणि त्यात त्यांचे स्पष्ट शब्द होते की, रात्रीचा दीड वाजून गेला आहे, तरी दूरच्या मंडळींनी येथेच मुक्काम करावा. ललत नव्हता, भैरवी झाल्यावर तो असावयाचे कारणही नव्हते, कारण भैरवीने मैफल संपते हा आपला संकेत आहे. पहाट नव्हती. अजान नव्हती.

आमच्यापुढे प्रश्न उभा राहिला, तो हा: हे मास्तरांस सांगावे की न सांगावे?

प्रथमदर्शनी मौनाची बाजू बळकट दिसते. एका वृद्ध माणसाच्या निरुपद्रवी स्मरणात आपण ढवळाढवळ का करावी? शिवाय स्मरणाचा स्वभावच असा आहे हे आता शास्त्रानेही मान्य केले आहे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपल्या प्रयोगांचा वृत्तांत दिला आहे. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांस वाचावयास दिली आणि काही काळाच्या अंतराने ती पुन्हा पुन्हा सांगावयास लाविली. प्रत्येक वेळी कथा बदलत गेली. जे अपरिचित होते ते गळाले, जे विसंगत वाटले ते सुसंगत झाले, आणि सांगणाऱ्याच्या संस्कृतीतील वस्तू तिच्यात शिरल्या. सांगणारे लबाडी करीत नव्हते. त्यांस ते तसेच आठवत होते. पेटीत ठेविलेली वस्तू बाहेर काढावी तसे स्मरण नसून, आठवताना प्रत्येक वेळी मन ती वस्तू नव्याने घडविते, असा बार्टलेट यांचा निष्कर्ष आहे.

आमच्या नैयायिकांनी या विषयाचा विचार वेगळ्या अंगाने केला होता. तर्कसंग्रहकार अन्नंभट्ट ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन वर्ग करतात, आणि केवळ संस्कारापासून उत्पन्न होते ते ज्ञान स्मृती, असे तिचे लक्षण सांगतात. यथार्थ अनुभवातून आलेली स्मृती यथार्थ, अयथार्थातून आलेली अयथार्थ, असा त्यांचा पुढील भेद आहे. मास्तरांचा अनुभव तर यथार्थच होता. ते त्या चौकात होते, गाणे त्यांनी ऐकले होते. मग स्मृती अयथार्थ कशी झाली? अन्नंभट्टांच्या विभागणीत या प्रकारास जागा सापडणे कठीण; कारण अनुभव आणि स्मृती यांच्या मध्ये पन्नासपंचावन्न वर्षे जातात, आणि त्या वर्षांत संस्कार एकटा पडून राहत नाही; त्याला शेजारी मिळतात.

हे शेजारी कोणते, याचा आम्ही शोध घेतला. मास्तर तरुणपणी दोनदा पुण्यास सवाई गंधर्व महोत्सवास गेले होते. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये आरंभिलेला तो महोत्सव. त्याची अखेरची रात्र त्या काळी पहाटेपर्यंत चाले. तेथे मास्तरांनी पहाटेचे राग खचित ऐकले. अजान तर निजामपुऱ्याच्या प्रत्येक पहाटेस आहेच. पुढे ध्वनिप्रदूषणासंबंधीचे २००० सालचे नियम आले, उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावणे बंद झाले, आणि रात्रभराची मैफल ही वस्तूच दुर्मिळ झाली. जी वस्तू दुर्मिळ होते ती जुन्या काळाची खूण ठरते. तेव्हा मास्तरांच्या त्या आवडत्या रात्रीसही पहाट फुटली यात आश्चर्य ते काय? ताणा खरा होता, बाणाही खरा होता. कापड मात्र मनाच्या मागावर विणलेले होते.

येथपर्यंत विचार आला म्हणजे, न सांगणेच बरे, असा कौल मिळाल्यासारखे वाटते. पण आम्हांस दोन कारणांनी तसे करवेना.

पहिले कारण असे की, मैफलीची आठवण ही सांगणाऱ्याची खासगी मालमत्ता नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली वारले, आणि त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. ज्यांच्यापाशी भास्करबुवांनीही विद्या घेतली त्या अल्लादियाखाँसाहेबांचे निधन १९४६ चे. ध्वनिमुद्रणाचा धंदा तोवर आपल्या देशात चांगला रुजलेला असूनही, त्यांचाही आवाज आपणांपाशी नाही. उलट त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानांवरील तबकडीत घालून अवकाशात धाडण्यात आली, आणि आज ती आंतरतारकीय अवकाशात प्रवास करीत आहे. शिष्येचा स्वर ताऱ्यांकडे गेला. गुरूचा स्वर पृथ्वीवरही राहिला नाही. मग भास्करबुवा थोर होते, खाँसाहेब थोर होते, हे आपणांस कळले कसे? त्यांच्या शिष्यांच्या गळ्यांवरून काही कळले. बाकीचे ज्यांनी ऐकले त्यांच्या सांगण्यावरून. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडाकरिता 'मानापमान' एकत्र केले, आणि तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले. त्या रात्रीचे वर्णन मराठी घराघरांतून आज शंभर वर्षे चालत आले आहे, ते कोणा यंत्राच्या बळावर नव्हे. अशा रीतीने श्रोत्याची स्मृती हीच आमच्या संगीताच्या इतिहासाची पुष्कळ अंशी एकमेव साक्षीदार आहे. आणि जो साक्षीदार असतो त्यास, आपल्या आठवणीत आपणांस हवी ती भर घालण्याची मोकळीक राहत नाही.

यात मास्तरांची साक्ष तर केवळ संगीताची नव्हती. ती एका गावातील दोन समाजांविषयीची साक्ष होती. समजा, उद्या एखाद्या कुत्सित माणसाने हीच फीत ऐकली, आणि मास्तरांस चारचौघांत विचारले की, "तुमची अजान कोठे आहे?" तर? अजान खोटी ठरताच तो मनुष्य म्हणणार की सगळीच गोष्ट खोटी, मांडीस मांडी लावून बसलेली माणसेही खोटी. चांगल्या पक्षाच्या साक्षीत एक सुंदर असत्य मिसळले, की विरोधकाच्या हाती आयते शस्त्र येते. खऱ्या गोष्टीस अलंकाराची गरज नसते, असे आपण मुलांस शिकवितो. पण ती शिकवण सर्वांत अधिक लागू पडते ती आपणांस प्रिय असलेल्या गोष्टींस.

दुसरे कारण त्या फितीतच होते, आणि ते आम्ही मुद्दाम मागे ठेविले आहे. यमनाच्या आरंभी बुवांच्या आलापाखाली एक सतत खडखडाट ऐकू येतो. तो मागांचा. चौकाच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा एक कारखाना होता. बुवा दोनदा थांबतात. कोणीतरी हिंदीत दिलगिरीचे शब्द बोलतो. उठण्याचा, चपलांचा आवाज होतो. मग काही क्षणांनी भिंतीपलीकडला खडखडाट विरळ होऊ लागतो. एक माग थांबतो, दुसरा थांबतो, तिसरा. प्रत्येकाचे थांबणे वेगळे ऐकू येते. शेवटचा माग थांबल्यावर जी शांतता पसरते ती निजामपुऱ्याने क्वचितच ऐकली असेल. त्या शांततेत बुवा षड्ज लावतात, आणि पुढचे चार तास माग पुन्हा सुरू होत नाहीत.

मास्तरांच्या पंधरा वेळा सांगितलेल्या गोष्टीत हा प्रसंग एकदाही आलेला नव्हता.

आम्ही त्यांस सांगितले. सांगताना आमचा आवाज कापत होता हे कबूल केले पाहिजे. ओसरीवर त्या शनिवारी आम्ही, वाड्याचा नातू आणि मास्तर एवढेच होतो. त्यांनी प्रथम भैरवी ऐकली, आभाराचे भाषण ऐकले. पुष्कळ वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग ती अजान कुठली?" या प्रश्नास उत्तर नव्हते, आणि त्यांनाही ते नको होते. आम्ही त्यांस यमनाचा आरंभ लावून दिला. माग थांबू लागले तसे त्यांनी मान वर केली. तिसरा माग थांबला तेव्हा ते हळूच म्हणाले, "हे मी विसरलो होतो. हे कसे विसरलो?" त्या कारखान्याचे मालक त्यांच्या बैठकीत दुसऱ्या ओळीत बसत, तेच उठून भिंतीपलीकडे गेले होते, हे त्यांस आता आठवले; किंवा आठवले असे वाटले. या प्रसंगानंतर 'आठवले' हा शब्द आम्ही पूर्वीइतक्या निर्धास्तपणे वापरू शकत नाही.

ते मालक आता हयात नाहीत. त्यांचे चिरंजीव आज स्वतः वृद्ध आहेत; मास्तर त्यांस दुसऱ्याच दिवशी भेटावयास गेले. वडिलांनी त्या रात्री माग बंद ठेविले होते, ही गोष्ट त्यांच्या घरात सांगितली जात असे. "मास्तरसाहेब, हे तर आम्हांला ठाऊक होते," ते म्हणाले, "तुम्ही कधी विचारलेच नाही." म्हणजे एकाच रात्रीच्या दोन आठवणी, एका भिंतीच्या दोन बाजूंस, पन्नासांहून अधिक वर्षे एकमेकींस न भेटता राहिल्या होत्या. एका बाजूस अजानीची कथा सांगितली जात होती, दुसऱ्या बाजूस मागांची.

या दोन कथांतील कोणती अधिक मोलाची, याचा वाचकांनी विचार करावा. अजान षड्जाशी मिळणे हा योगायोग आहे; सुंदर खरा, पण त्यात कोणाचेही काही गेलेले नाही. शेजाऱ्याच्या गाण्याकरिता आपले माग थांबविणे हा योगायोग नव्हे, ती कृती आहे. तिच्यात नुकसान आहे, आणि ते कोणी न मागता सोसलेले आहे. मास्तरांच्या मनाने जी गोष्ट रचली ती हृदयंगम होती. जी गोष्ट गाळली ती अधिक हृदयंगम होती. सत्य कठोर असते आणि कल्पना कोमल, असे आपण सहज म्हणून जातो, आणि त्या भयाने आप्तेष्टांपासून सत्य झाकून ठेवितो. येथे तरी आमचे भय खोटे ठरले. आम्ही सांगितले नसते तर मास्तरांची अजान राहिली असती, परंतु त्यांचा शेजारी त्यांस परत मिळाला नसता.

तथापि एवढ्यावर समाधान मानून लेखणी खाली ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. यंत्रमागावरील कामगारास मजुरी मिळते ती सामान्यतः विणलेल्या कापडाच्या मापावर. माग थांबला की मजुरी थांबते. मालकांनी चार तास माग बंद ठेविले ही त्यांची उदारता. पण त्या चार तासांची मजुरी कामगारांस मिळाली की बुडाली? आम्ही चिरंजीवांस विचारले. त्यांस ते आठवत नव्हते, आणि त्यांच्या घरात ते कधी सांगितलेही गेले नव्हते. ते कामगार बहुधा दूर उत्तरेकडून पोटासाठी आलेले. त्यांतील कोणी त्या रात्री भिंतीशी टेकून गाणे ऐकले, की हिशेब करीत बिडी ओढली, हे फितीवर नाही. मास्तरांच्या आठवणीत माग नव्हते. मालकांच्या घरच्या आठवणीत माग होते, पण माग चालविणारे नव्हते. प्रत्येक आठवण आपल्या भिंतीपर्यंतच पोहोचते, आणि भिंतीपलीकडच्यास गाळते. हे ती लबाडीने करीत नाही, म्हणूनच ते ध्यानात येत नाही.

कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत व्याकुळ होतो, आणि आपणांस कसली हुरहूर लागली आहे हे त्यास कळत नाही. गाण्याने स्मृती ढवळली जाते, परंतु ज्या व्यक्तीस तो विसरला आहे तिचे नाव काही त्याच्या ओठांवर येत नाही. कवीने त्याकरिता शापाची योजना केली आहे. आम्हां सामान्य रसिकांस शापाची गरज लागत नाही. सुखाच्या रात्रीत आपण स्वतःच इतके मोठे होऊन बसतो की, ज्यांच्यामुळे ती रात्र घडली ते आपोआप अंधारात जातात. भाच्याने त्या मैदानावर शेजारच्या अनोळखी माणसाचे रडणे पाहिले व ते ध्यानात ठेविले, हे आम्हांस आता फार मोलाचे वाटते. त्या दिवशी ते नुसते गमतीचे वाटले होते.

यावरून रसिकांनी आपल्या आठवणी सांगूच नयेत, असे आम्ही सुचवीत आहोत काय? मुळीच नाही. न सांगितलेली आठवण दुसऱ्या बाजूच्या आठवणीस कधीच भेटत नाही, हे आपण आताच पाहिले. सांगावे, भरभरून सांगावे. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, आपली आठवण हा पुरावा असला तरी निकाल नव्हे. दुसऱ्या साक्षीदाराचे म्हणणे आल्यास तिने बाजूस सरकावयास तयार असले पाहिजे, मग तो साक्षीदार माणूस असो की फीत असो. आणि दुसरी, सांगून झाल्यावर स्वतःस एकदा विचारावे की, या रात्रीच्या सुखाचा खर्च कोणी केला, आणि त्याचे नाव माझ्या गोष्टीत आहे काय? उत्तर ठाऊक नसेल, तर चौकशी करण्यास शेजाऱ्याचे घर काही फार दूर नसते.

मास्तर आजही ती रात्र सांगतात. मागील शनिवारी एका नवख्या पाहुण्यास सांगताना आम्ही त्यांस ऐकले. आता गोष्ट यमनापासून सुरू होते. माग एकेक करून थांबतात, शेवटची शांतता येते, आणि तेथे मास्तरही क्षणभर थांबतात. भैरवी दीड वाजता संपते. मग ते म्हणतात, "पुढे ललत झाला आणि अजान झाली, असे मला फार वर्षे आठवत होते. ते झाले नाही. पण अजून कधी पहाटे जाग आली, की मला ते ऐकू येते." पाहुण्याने विचारले की, मागांवरचे कामगार गाणे ऐकावयास आत आले होते काय? मास्तर म्हणाले, "ते मी पाहिले नाही. माझी पाठ तिकडे होती."

भिंतीपलीकडे त्या वेळीही माग चालू होते.